केंद्रक कोण फिरवतं

शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्याबद्दल आधीच माफी मागते. अक्षरही चांगलं नाही. ओळ धरून निघतं आणि पानाच्या कडेला पोचेपर्यंत खाली घसरतं. ही वही मी कुणाला दाखवणार नाही, तेव्हा माफी कुणाची मागायची हाही प्रश्नच आहे. पण ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते सर चूक दिसली की तिथंच थांबत, पुढचं वाचत नसत. त्यांच्यापुरती मागून ठेवते.

वही त्यांचीच आहे. ते उजव्या पानावरच लिहीत. डावं पान कोरं ठेवत. "चूक निघाली तर समोर जागा पाहिजे," म्हणायचे. आपली चूक निघाली असं त्यांना सहसा वाटलं नाही, त्यामुळे डावी पानं सगळी शिल्लक आहेत. नाशिकला पुतणीकडे राहायला जाताना त्यांनी अशा वह्यांची रद्दी काढली, त्यातली एक मी ठेवून घेतली.

सर धुळ्याच्या देवपुरात एका घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटे राहायचे. कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झाले होते. मी त्यांच्याकडे अकरा वर्षं स्वयंपाक आणि झाडलोट केली. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो. भाजीवाल्याशीसुद्धा मी बोटांनीच भाव करते. सरांकडचं काम मला म्हणूनच मानवलं. तिथं "हो सर" आणि "नाही सर" एवढ्यावर वर्ष निघत होतं. बाकीचं सगळं तेच बोलत.

त्यांचा विषय म्हणजे अणूच्या अगदी मधोमध असतं ते केंद्रक. मी लागले त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला ओट्याजवळ बोलावलं. एका वाटीत शेंगदाणे होते, एकीत हरभरे.

"अक्का, हा शेंगदाणा म्हणजे प्रोटॉन. हा हरभरा म्हणजे न्यूट्रॉन. शेंगदाणे एकमेकांना ढकलतात, एकाला दुसरा जवळ खपत नाही. हरभरा कुणाला ढकलत नाही. पण अगदी अंगाला अंग लागलं की सगळेच एकमेकांना घट्ट धरतात, शेंगदाणा असो की हरभरा. हरभरे नसते तर शेंगदाणे केव्हाच घर सोडून गेले असते. कळलं?"

"हो सर."

"काय कळलं?"

मी गप्प उभी राहिले.

"बरोबर," सर म्हणाले. "मलाही तीस वर्षं लागली."

पुढे त्यांनी सांगितलं की हे दाणे पंगतीनं बसतात. पंगत भरायचे आकडे ठरलेले आहेत. दोन, आठ, वीस, अठ्ठावीस, पन्नास, ब्याऐंशी. पंगत भरली की केंद्रक गोल आणि शांत. एखादा दाणा जास्तीचा आला आणि पंगतीबाहेर उभा राहिला की तो स्वस्थ बसत नाही, आतल्यांनाही बसू देत नाही.

हे आकडे सरांनी घरात आणून सोडले होते. त्यांच्याकडे डझन नावाची गोष्ट नव्हती. खाली यावलच्या केळ्यांची गाडी यायची. गाडीवाला रोज तेच म्हणायचा.

"भाऊ, डझन घ्या ना."

"आठ."

"आठाचा भाव नाही धरत हो."

"मग वीस दे."

वीस केळी एका माणसाच्या घरात दोन दिवसांत काळी पडतात. मी शेजारीपाजारी वाटायची. अंडी आठ, लिंबं आठ, गॅलरीतल्या कुंड्या आठ. नववी कुंडी कुणीतरी प्रेमानं आणून दिली, तर ती जिन्यात ठेवली. मी बाजरीच्या भाकरी दोन करायची. एकदा पीठ उरलं म्हणून तिसरी टाकली. सर तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. "ही बाहेरची," म्हणाले. "ही आत गेली की पोटात फिरत राहणार." आणि जिना उतरून ती केळीवाल्याला देऊन आले.

ते कुणाकडे जात नव्हते, कुणी त्यांच्याकडे येत नव्हतं. कुणी त्यावरून टोकलं तर त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "एकटा कण म्हणजे अफवा. खरं काय ते घोळक्यातच कळतं." एकट्यानं जेवायला बसून ते हे सांगत आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे.

घोळका बघायला मात्र ते जात. देवपुरातल्या लॉनवर लग्न असलं की बोलावणं नसताना जायचे. जेवत नसत. मांडवाच्या कडेला वही घेऊन उभे राहायचे आणि पंगत कशी भरते ते टिपायचे. एकदा तिथं मी वाढायच्या कामाला होते. मुलीकडच्यांना वाटलं, हा मुलाकडचा माणूस आहे आणि ताटं मोजतो आहे. मुलाकडच्यांना वाटलं, केटररचा माणूस आहे. केटररला वाटलं, मुलीचे काका आहेत. तिघांनीही त्यांना आणून सरबत दिलं. शेवटी एका पोक्त बाईनं विचारलंच, "नाना, तुम्ही कोणाकडले?"

"कोणाकडचा नाही," सर म्हणाले. "तुमचे लोक अजून जोडीजोडीनंच बसलेत. एवढी माणसं येऊनही मांडव हललेला नाही. का हलला नाही ते बघतोय."

ती बाई दोन पावलं मागे सरली. थोड्या वेळानं मुलाकडचं बाकीचं वऱ्हाड आलं आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांत मिसळली. कुणी कुणाला ओढतंय, कुणी ओळखी काढतंय, सगळा मांडवच एका अंगाला सरकायला लागला. सर मात्र तोवर वही मिटून घरी निघाले होते. मला तेव्हा काही वाटलं नाही. पुढे वाटलं.

त्याच्या आधीची कुकरची गोष्ट सांगायला पाहिजे. एका सकाळी ओट्यावर परातीत हरभरे आणि शेंगदाणे दिसले. छान गोलगोल ओळींत मांडलेले होते. मी म्हटलं, सरांनी उसळीचं काढून ठेवलं. धुतले, टाकले. थोड्या वेळानं सर आले आणि रिकामी परात बघून उभेच राहिले.

"अक्का, माझं केंद्रक कुठे आहे?"

"कुकरमध्ये, सर. दोन शिट्ट्या झाल्या."

मला वाटलं आता काम गेलं. सर खुर्चीवर बसले. कुकर उघडेपर्यंत तसेच बसून होते. मग ताटात उसळ घेतली, चमच्यानं हरभरे एका बाजूला आणि शेंगदाणे दुसऱ्या बाजूला केले. मोजले. "चार दिवसांची मांडणी," म्हणाले. मग खाल्ली. "मीठ कमी आहे," एवढंच वर बोलले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शेंगदाणे परातीच्या मधोमध फेविकॉलनं चिकटवून टाकले. हरभरे तेवढे मोकळे ठेवले. ती परात पुन्हा कुणी उसळीला घेण्याचा प्रश्न मिटला.

शेंगदाणे चिकटवण्याचं खरं कारण कुकर नव्हतं, सरांचं मत होतं. केंद्रकात दाणे वाढत गेले की एका ठिकाणी ते गोल राहत नाही. दोडक्यासारखं लांबट होतं आणि आतले सगळे मिळून एक होऊन फिरायला लागतात. फिरवतं कोण, हा सरांचा आयुष्याचा प्रश्न. त्यांचं म्हणणं, हरभरे फिरवतात. शेंगदाण्यांचा वाटा इतका थोडा की हिशोबात धरू नये, त्यांना जागेवर खिळवून ठेवावं.

या मतावर त्यांच्याशी भांडायला दर रविवारी पारोळ्याहून एक मुलगी यायची. मुलगी म्हणते, पण तिशीची होती. तिथल्या कॉलेजात तासिकेवर शिकवत होती आणि सरांच्या हाताखाली पीएचडी करत होती. दहाच्या सुमाराला एसटीनं यायची, पाचला जायची. मधले सात तास भांडण. मी आत भाकरी थापत ऐकायची.

"सर, प्रोटॉनसुद्धा मोकळे सोडा ना. तुम्ही त्यांना खिळे ठोकून बसवलंय."

"ते बसलेलेच आहेत. न्यूट्रॉन फिरवतात, हे मागे फरफटत जातात. वरातीत बँडमागे पोरं असतात तसे."

"पण नुसते न्यूट्रॉन पंगतीबाहेर असले तर काय होतं, सर? दोन-दोनच्या जोड्या करतात आणि गप्प बसतात. केंद्रक गोलच्या गोल. दोन्ही बाहेर असले, जवळजवळच्या जागांवर असले, तर ते एकमेकांना ओढतात. मग सगळंच लांबतं आणि सगळंच फिरतं. जगात सगळीकडे मानतात हे."

"जग? जगले काय समजस!"

सर चिडले की अहिराणीवर येत. मुलगी चिडली की उलट पुस्तकातलं शुद्ध बोलायला लागायची. मला कोपऱ्यातून ऐकताना तो लग्नाचा मांडव आठवला आणि मुलीचं म्हणणं मनातल्या मनात पटलं. माझ्या पटण्याला तिथं काही किंमत नव्हती, म्हणून मी ते कुणाला सांगितलं नाही.

तिचा प्रबंध लिहून पुरा झाला होता. सरांची सही तेवढी हवी होती. सर म्हणत, "आधी प्रोटॉन जागेवर बसव, मग सही." ती म्हणे, "खोटं कसं लिहू?" असं चाललं होतं. नोंदणीची मुदत एकदा वाढवून झाली होती, आणखी वाढणार नव्हती. आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या, सोमवारी प्रबंध जळगावला विद्यापीठात पोचला नाही तर सहा वर्षं पाण्यात. तिच्या कॉलेजात पक्की जागा निघाली होती, तिलाही प्रबंध दाखल केल्याचा कागद लागणार होता. हे ती मला स्वयंपाकघरात येऊन सांगायची, कारण मी ऐकून घेते.

"अक्का, तुम्ही तरी सांगा ना सरांना."

मी नुसती पदराला हात पुसत राहायची. मी काय सांगणार होते?

आता जे लिहायचं ते मला लिहिताना अजून अवघड वाटतं.

या मुदतीच्या दोन वर्षं आधी सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. मोतीबिंदू. काही दिवस वाचायचं-लिहायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सर दोन दिवस गप्प बसले, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अक्का, कॉम्प्युटरवर आकडे येतील ते वाचून दाखवा आणि वहीत उतरवा." इंग्रजी आकडे मला मोबाइलमुळे येतात. मी खुर्चीच्या काठावर बसून वाचायला लागले.

केंद्रकाला शक्ती दिली की ते पायऱ्या चढतं म्हणे. दुसरी पायरी पहिलीच्या किती पट उंच, तो आकडा बघायचा. दोनच्या जवळ असला तर केंद्रक नुसतं थरथरतं आहे. तीन पॉइंट तीन तीनच्या जवळ गेला तर अख्खं फिरतं आहे. एवढं सरांनी समजावून ठेवलं होतं.

"दोन पॉइंट तीन एक," मी वाचलं. "तीन पॉइंट शून्य एक. तीन पॉइंट दोन सहा."

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"शेवटचा पुन्हा."

"तीन पॉइंट दोन सहा."

सरांच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती, त्यामुळे चेहऱ्यावरून काही कळेना. मग म्हणाले, "लिहा. वर आजची तारीख घाला. आणि वही कपाटात खालच्या फळीवर ठेवा." मी घसरत्या अक्षरात लिहिलं आणि ठेवलं. ते कशाचे आकडे आहेत हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

दोन वर्षांनी, आखाजीच्या आधीच्या रविवारी, मी चहा द्यायला गेले तेव्हा मुलीच्या प्रबंधाचं पान टेबलावर उघडं होतं. त्यावर एक कोष्टक होतं. दोन पॉइंट तीन एक, तीन पॉइंट शून्य एक, तीन पॉइंट दोन सहा. कप माझ्या हातातून पडला नाही, एवढंच. मुलगी बोट ठेवून सांगत होती, "प्रोटॉन मोकळे सोडले की हे येतं, सर. बघा तरी." आणि सर खिडकीबाहेर बघत म्हणत होते, "तू चुकीचं सोडलं असशील."

ती गेल्यावर मी कपाटाची खालची फळी पुसली. वही तिथंच होती. अक्षर माझंच, आकडे तेच.

म्हणजे सरांनी ऑपरेशनच्या आधीच कधीतरी, कुणाला न सांगता, कॉम्प्युटरवर शेंगदाणे सोडून बघितले होते. त्यांना दोन वर्षं माहीत होतं की ती बरोबर आहे.

मग सही का करत नव्हते? माणूस खडूस असेल असं कुणालाही वाटलं असतं. मला पहिल्यांदा तेच वाटलं, रागही आला. पण मी त्यांच्या घरात होते. शेवभाजी फक्त रविवारीच होते, हे मला माहीत होतं. शनिवारी जिलबी आणायला सर स्वतः पांझरा नदीच्या पुलापलीकडे चालत जातात. रविवारी साडेनवालाच गॅलरीत कुंड्यांना पाणी घालायला लागतात आणि साडेदहा झाले तरी पाणी संपत नाही. एका रविवारी तिला ताप होता, ती आली नाही, तर त्यांनी दोन भाकऱ्याही खाल्ल्या नाहीत. प्रबंध पुरा झाला की रविवार संपणार होता. एवढा शिकलेला माणूस, आणि एका सहीसाठी त्यानं एवढंच गणित मांडलं होतं.

तो आठवडा मी वाईट काढला. बोलावं तर सरांचं उघडं पडतं. न बोलावं तर मुलीची सहा वर्षं जातात. कुणीतरी दुसऱ्यानं बोलावं म्हणून मी वाट बघितली. पण हे दुसऱ्या कुणाला माहीतच नव्हतं.

आखाजी त्या वर्षी रविवारीच आली. त्या दिवशी लेकी माहेरी येतात. ही आईला मांडे करायला एकटं टाकून, पाच बांधलेले प्रबंध पिशवीत घालून, पारोळ्याहून देवपूरला आली. जेवण होईपर्यंत दोघं नेहमीसारखे भांडले. साडेचार वाजले तशी ती प्रबंध एकेक करून पिशवीत भरायला लागली.

"ठीक आहे सर. मी प्रोटॉन खिळवणार नाही, आणि तुम्ही सही करणार नाही. उद्या मुदत संपेल. येते मी."

सरांच्या हातात जिलबीचा तुकडा होता तो तसाच धरून बसले.

मी आत गेले, कपाट उघडलं. चहाच्या ट्रेमध्ये दोन कप आणि वही ठेवली, ते पान उघडून. बाहेर येऊन ट्रे टेबलावर ठेवला. चहा थोडा बशीत आला.

सरांनी आधी वही बघितली, मग मला.

"हाई कोणी काढी?"

"मी, सर. धूळ होती."

"तुले काय समजस त्यामा?"

"काही नाही सर," मी म्हटलं. आणि मग अकरा वर्षांत पहिल्यांदा आपणहून "नाही सर"च्या पुढे गेले. "आकडा बठ्ठा सारखाच शेतस. एवढंच." सगळे आकडे सारखेच आहेत, हे मीही अहिराणीतच बोलून गेले.

मुलीनं वही ओढून घेतली. बोट कोष्टकावरून खाली गेलं, मग वर तारखेवर आलं आणि तिथंच थांबलं.

"सर, दोन वर्षं?"

"तपासत होतो."

"दोन वर्षं तपासत होतात? दोन वर्षं मी दर रविवारी एसटीत उभी राहून येतेय, तुम्हाला पटावं म्हणून! घरी आई विचारते, पोरी, तुझे सर माणूस आहेत की कोण? मी त्यांची बाजू घेते, अक्का! त्यांची!"

हे ती सरांना सांगत होती, बघत माझ्याकडे होती. ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही, जिलबीची बशी तिनं जोरात पलीकडे सरकवली.

सर अहिराणी सोडून नेहमीच्या शिकवायच्या आवाजात बोलले, पण हळू.

"भरलेली पंगत शांत असते. तिथं कुणी येत नाही, कुणी जात नाही. अभ्यास करायला सोपी. पण त्यात राहायला..." पुढचं त्यांनी सोडून दिलं. "पेन कुठे आहे?"

मुलीनं पेन दिलं. सरांनी पहिला प्रबंध उघडला, सहीच्या जागेवर पेन टेकवलं आणि उचललं.

"पण आधी यात एक वाक्य घालायला पाहिजे. मार्गदर्शकाचं मत चुकीचं होतं, आणि विद्यार्थिनीचं बरोबर."

"असं कुणी लिहीत नाही, सर."

"का नाही? खरं आहे ते."

"मग परीक्षक विचारतील, चुकीच्या मार्गदर्शकाकडे सहा वर्षं काय करत होतीस?"

"सांग ना. मार्गदर्शक खोटारडा होता म्हण."

"मी नाही म्हणणार!"

"मग मी लिहितो, प्रस्तावनेत, पेनानं..."

"सर, बांधलेला प्रबंध आहे तो!"

घड्याळात पावणेपाच झाले होते. एसटी पाचची. मला दिसत होतं की ही दोघं आता यावर सातपर्यंत भांडतील आणि दोघंही मनातून खूश असतील.

"सर," मी म्हटलं. आवाज इतका मोठा निघाला की खालून घरमालकिणीनं काय झालं म्हणून विचारलं. "आधी सही करा. पाचही ठिकाणी. भांडण मग करा."

सरांनी सह्या केल्या. एक, दोन, तीन, चार. पाचव्या प्रतीवर सही करून त्यांनी ती मिटली आणि छातीशी धरली.

"ही मी ठेवून घेतो. यात चुका असतील. तपासून ठेवीन, पुढे कधीतरी येऊन ने."

"पाचवी प्रत मार्गदर्शकाचीच असते, सर," मुलगी चपला घालत म्हणाली. "नियमच आहे. ती न्यायला कुणी येत नाही."

सरांचा चेहरा उतरला. मग त्यांनी विचारलं, "आणि चूक सापडली तर? दाखवू कोणाला?"

"मला. पण फोन करून बोलवा. रविवारी मला दुसरीही कामं असतात आता." आणि चार प्रबंध पोटाशी धरून ती धडधड जिना उतरली.

मी गॅलरीतून बघितलं. तिला एसटी मिळाली असावी, कारण ती परत आली नाही. मागे वळले तर सर उभ्या उभ्याच पाचवी प्रत उघडून पेन्सिलीला टोक काढत होते. भांडी घासून मी निघाले तोवर त्यांना दोन चुका सापडल्या होत्या, आणि ते फोनचा नंबर शोधत होते.